विषय : दीर्घकालीन गळतीबाबत

कादंबरी लिहिणं सोपं असतं. अवघड असतं ते आपण कादंबरी लिहितोय हे घरात सांगणं.

मी ते एका रविवारी सकाळी सांगितलं. बायको माझाच शर्ट इस्त्री करत होती, म्हणजे वेळ मी चांगली निवडली होती. हातात तापलेली इस्त्री असली की माणूस फार हसत नाही असा माझा समज होता.

"मी कादंबरी लिहायला घेतोय," मी म्हणालो.

"कधी?" ती म्हणाली.

बघा, का नाही, कसली नाही, कधी. संसाराला एकवीस वर्षं झाली की बाई थेट मर्मावर बोट ठेवते. मेख खरोखर तिथेच होती. मी पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रार विभागात आहे. सकाळी नऊला घर सोडतो, संध्याकाळी सातला परत येतो, आणि मधल्या वेळात लोकांना पाणी का आलं नाही हे पत्राने कळवतो. पाणी आणणं हे दुसऱ्या विभागाचं काम. ते न आल्याचं समर्पक कारण देणं हे आमचं.

आणि हे काम मी, आत्मस्तुती नको, पण फार सुरेख करतो. बावीस वर्षांत कार्यालयातून बाहेर पडलेलं एकही बरं पत्र असं नाही ज्याचा मसुदा माझा नव्हता. त्यामुळे मला सगळे मसुदेराव म्हणतात. माझं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पत्राखाली सही साहेबांची. मसुदा करणाऱ्याने फक्त आद्याक्षरं घालायची, तीही कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर, डाव्या कोपऱ्यात, भिंग लावलं तर दिसतील अशी. एकदा एका आजोबांनी आमच्या पत्राला उत्तर धाडलं की पाणी नाही आलं तरी चालेल, पण साहेब, आपण पत्र फार छान लिहिता. साहेबांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. वाक्यं माझी, स्वल्पविराम माझे, आणि काच साहेबांची. त्याच दिवशी मी ठरवलं की मरण्यापूर्वी निदान एका वाक्याखाली माझं स्वतःचं, पूर्ण नाव आलं पाहिजे. आता एका वाक्याचं पुस्तक कोणी छापत नाही, म्हणून कादंबरी.

"विषय काय?" बायकोने कॉलर उलटी करत विचारलं.

"दीपस्तंभ सांभाळणारा एक माणूस. आणि किनाऱ्यावरच्या शाळेतली एक शिक्षिका."

"आपण समुद्र पाहिला तो एकदा. तेव्हाही तुम्ही सगळ्यांच्या चपला सांभाळत बसला होतात."

चपला सांभाळताना मी समुद्राकडेच बघत होतो, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. मी तिला एवढंच बजावलं की ही गोष्ट कुठे बोलायची नाही. ती म्हणाली, मी कशाला बोलतेय. ती बोलली नाहीच; फक्त समोरच्या घरी इस्त्री परत करायला गेली असताना, हे आता पहाटे उठणार आहेत तर खुर्चीचा आवाज झाला तर रागावू नका, असं सांगून आली. झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं.

सोमवारी पहाटे साडेपाचला मी जेवणाच्या टेबलावर कागद मांडला, पेनाचं टोपण काढलं आणि 'समुद्र' एवढा शब्द लिहिला, तोच दारावर टकटक. वरच्या मजल्यावरचे मास्तर. चाळीस वर्षं शाळेत काढून निवृत्त झालेला माणूस, खिशात अजून लाल पेन.

"खुर्चीचा आवाज ऐकला, म्हटलं सुरू झालं वाटतं," असं म्हणत ते आत येऊन बसलेसुद्धा. "पहिल्या प्रकरणात कोणीतरी मेलं पाहिजे. लिहून घ्या. आणि वाक्याची सुरुवात 'समुद्र' या शब्दाने करू नका, मुलं सहलीचा निबंध लिहितात तसं वाटतं." माझ्या एकुलत्या एक शब्दाखाली त्यांनी लाल रेघ ओढली. मंगळवारी ते आले तेव्हा बरोबर तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. दीपस्तंभ ठीक आहे, पण नायक दातांचा डॉक्टर केला तर त्यात नाट्य जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं. माणूस तोंड उघडतो तेव्हा सगळं कळतं म्हणे. बुधवारी दोघांचं आपसात वाजलं. गुरुवारी मी गजर लावलाच नाही, तरी दोघे आले, आणि मी झोपलेला असताना माझ्याच टेबलावर बसून माझ्या कादंबरीवर चर्चा करून गेले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली.

त्यात नायिकेच्या नावाचं त्रांगडं. एक नाव सुचवलं तर बायकोने विचारलं, ही कोण? दुसरं सुचवलं तर ते निघालं डॉक्टरांच्या मेहुणीचं. तिसरं माझ्या आत्तेबहिणीचं, आणि चौथं तर चक्क मास्तरांच्या बायकोचं. ते कळल्यावर मास्तरांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. शेवटी मी नावंच टाकून दिली. नायक 'तो', नायिका 'ती'. मास्तर म्हणाले, याला आधुनिक म्हणतात, आणि सुस्कारा टाकला.

तेव्हा मी मुक्काम हलवला. कार्यालयात एक ते दोन जेवणाची सुट्टी असते. एक वाजून दहा मिनिटांनी डबा संपतो, आणि पुढची पन्नास मिनिटं सगळे खिडकीपाशी उभे राहून ज्यांची बढती झाली त्यांच्याबद्दल बोलतात. मी बोलणं सोडलं आणि लिहायला बसलो. कॉम्प्युटरवर लिहून पाहिलं, पण मी टाइप करायला लागलो की शेजारचा मान लांब करायचा. हाताने कागदावर लिहिताना मात्र कोणी ढुंकून बघेना. मसुदेराव लिहितोय यात बघण्यासारखं काय?

लिहिलेली पानं ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. घरी नेली तर लाल पेन. म्हणून मी एक जुनं पुठ्ठ्याचं फाइल-कव्हर घेतलं, नाडी बांधली आणि वर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला : 'दीर्घकालीन गळतीबाबत'. आमच्या कार्यालयात गळतीच्या फाइलला कोणी हात लावत नाही. उघडली तर काहीतरी करावं लागेल या भीतीने माणसं तिच्याकडे पाठ करून बसतात. इतकी सुरक्षित तिजोरी मला कुठे मिळाली असती?

दोन वर्षं रोज पन्नास मिनिटं. काय दिवस होते ते. शाळा सुटायच्या घंटेची बघावी तशी मी एक वाजायची वाट बघायचो. अडचण एकच, की बावीस वर्षांची सवय हातातून जाईना. पहिल्या भेटीत माझा नायक तिला म्हणाला होता, 'आपल्या कालच्या नजरेच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर बाब माझ्या सहानुभूतिपूर्वक विचाराधीन आहे.' ते मी तीनदा खोडलं. चौथ्यांदा त्याला गप्प बसवलं, आणि प्रसंग एकदम चांगला झाला. त्या दिवशी दुपारी मी एका तक्रारदाराला इतकं हळवं पत्र लिहिलं की साहेबांनी सही करायच्या आधी दोनदा वाचलं.

दोनशे चार पानं झाली. फक्त शेवट सुचत नव्हता. तेवढ्यात मला प्रकाशकांचा पत्ता लागला. पुस्तक-बांधणीच्या दुकानावरच्या खोलीत बसणारे एक वयस्क गृहस्थ, बावन्न वर्षं पुस्तकं छापतात, आणि आलेलं प्रत्येक बाड स्वतः वाचतात अशी त्यांची ख्याती. आठ तारखेला मी रजा टाकून त्यांना भेटायला गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"पंचवीस तारखेपर्यंत आणा," ते म्हणाले. "सव्वीसला माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर इथे माझा पुतण्या बसणार, आणि तो फक्त परीक्षेची गाइडं छापतो. पूर्ण आणा बरं का. शेवट नसलेलं मी हातात घेत नाही."

सतरा दिवस होते. मला आभाळ ठेंगणं झालं. घरी येईपर्यंत मी वाटेत दोन अनोळखी माणसांना नमस्कार केला.

नऊ तारखेला सकाळी कार्यालयात पोचलो तो आमचे हेडक्लार्क दारातच उभे. मनाने अत्यंत चांगला माणूस. आणि चांगल्या मनाच्या माणसाने केलेलं नुकसान भरून निघत नाही, कारण त्याला बोलताही येत नाही.

"मसुदेराव, आभार नंतर माना," ते म्हणाले. "काल वरून आदेश आला. 'प्रलंबित प्रकरणं निकाली काढा' सप्ताह. तुम्ही रजेवर, म्हणून तुमचं कपाट मीच उघडलं. अहो, ती गळतीची फाइल दोन वर्षं पडून होती. इतकी जाड. लगेच वर पाठवून दिली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "वर म्हणजे कुठे?"

"उपअभियंत्यांकडे. त्यांनी कालच सही करून पुढे धाडलीसुद्धा. गडी कामाचा आहे."

इथे आमच्या कार्यालयाची एक रीत सांगितली पाहिजे. फाइल एकदा आवक-जावक नोंदवहीत चढून वर गेली की खालच्या माणसाला ती परत मागता येत नाही. तिने वरून आपल्या पायाने उतरायचं. मागायला गेलं की का मागता ते लेखी द्यावं लागतं, आणि कार्यालयीन कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर दोनशे चार पानं प्रेमकथा लिहिली म्हणून मागतो, हे मी कोणत्या नमुन्यात भरणार होतो? बरं, गप्प बसावं तर दुसरी प्रत नाही. दोन वर्षांच्या दुपारच्या सुट्ट्या त्या नाडीत बांधलेल्या. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. कोणी साहेबांच्या दालनातून बाहेर आलं की ते माझ्याकडे बघून हसलं असं वाटायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बारा तारखेला माझ्या टेबलावर पत्र आलं. विधी अधिकारी बाईंचं. या बाईंना हसताना कोणी पाहिलेलं नाही; त्यांनी एकदा एका ठेकेदाराला नुसतं चष्म्यावरून पाहिलं तर त्याने न विचारता कबुली दिली होती. मी पत्र मांडीवर घेऊन टेबलाखाली वाचलं.

'विषय : दीर्घकालीन गळतीबाबत. १) पृ. ४१ वर 'तो' घर सोडून जातो. कारण नोंदवलेले नाही. २) संबंधितांची नावे कोठेही नमूद नाहीत. ३) पृ. ९६ वर 'ती' त्याला क्षमा करते. कोणत्या आधारे? तीन दिवसांत खुलासा सादर करावा.'

मी पुन्हा वाचलं. मग मला घाम फुटायच्या ऐवजी भलतंच काहीतरी झालं. पृष्ठ शहाण्णव. बाईंनी शहाण्णव पानं वाचली होती. माझं लिहिलेलं आजवर एका माणसाने सलग शहाण्णव पानं कधी वाचलं नव्हतं. आमचं सगळ्यात लांब पत्र सव्वा पानाचं. आणि शंका काय काढली होती बघा. घर सोडण्याचं कारण नोंदवलेलं नाही. खरंच नव्हतं हो. तो नुसता उठून जात होता, कारण मला त्याला दीपस्तंभावर पोचवायची घाई होती. मला दोन वर्षांत जे दिसलं नाही ते या बाईंनी तीन दिवसांत पकडलं.

पण ही कादंबरी आहे, असं बाईंनी का म्हटलं नाही? त्याचा उलगडा मला पाणी पिताना झाला. उपअभियंत्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता लिहून दिलं होतं, 'प्रकरण तपासले. सहमत. पुढील आदेशार्थ सादर.' आता बाईंनी ती कादंबरी आहे म्हणावं तर उपअभियंत्यांनी कादंबरी तपासून तिच्याशी सहमती दर्शवली असं होतं. सही पडली की पडली. आमच्याकडे सहीपेक्षा मोठं सत्य नाही. तेव्हा ते प्रकरण होतं, आणि प्रकरण म्हणूनच चालणार होतं.

मी खुलासा लिहायला बसलो. तो का गेला असेल? त्या दुपारी मला एकदम कळलं. तो गेला कारण त्या घरात त्याला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. वडिलांचा मुलगा, थोरल्याचा धाकटा, दुकानातला तो. चार पानं मी न थांबता लिहिली आणि एकही शब्द खोडला नाही. दोन वाजून गेले तरी मी लिहितच होतो. हेडक्लार्क म्हणाले, "खुलासा एवढा मनावर घेऊ नका, मसुदेराव." मी मान वर केली नाही.

तिसरा मुद्दा मी घरी नेला. बायको भाजी निवडत होती.

"अगं, तू मला इतक्या वर्षांत क्षमा केलीस ती कोणत्या आधारे?"

"कशाकशाबद्दल?"

"सर्वसाधारणपणे."

तिने जरा विचार केला. "तुमची चूक असली की तुम्ही जेवताना गप्प असता, आणि पाणी स्वतः उठून घेता. एरवी कधी घेता का? तेवढं दिसतं मला." मग म्हणाली, "कोण विचारतंय?"

"विधी शाखा," मी म्हणालो, आणि तिचं वाक्य जसंच्या तसं नायिकेच्या तोंडी घातलं. नावांबद्दल लिहिलं, 'संबंधितांच्या विनंतीवरून नावे गोपनीय ठेवण्यात आली आहेत.' आणि खुलासा वर पाठवला.

सोळा तारखेला दुसरं पत्र आलं. 'मुद्दा १ व ३ बाबतचा खुलासा समाधानकारक.' मी ते तीनदा वाचलं. समाधानकारक. बाईंच्या लेखणीतून हा शब्द गेल्या आठ वर्षांत उतरला नव्हता असं टपाल विभाग म्हणतो. जिन्यात त्या समोरून आल्या. मी बाजूला झालो. त्या दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, आणि मागे न बघता म्हणाल्या, "पाणी स्वतः उठून घेतो, ते बरोबर आहे." आणि गेल्या. तो पूर्ण दिवस मी जमिनीवर चाललो असेन असं मला वाटत नाही.

मात्र फाइल खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेली, थेट साहेबांकडे. एकोणीस गेली, वीस गेली. कपाळ पिटून घ्यायची वेळ आली. मास्तर म्हणाले, आठवणीतून पुन्हा लिहून काढा. डॉक्टर म्हणाले, त्या निमित्ताने नायक बदलून टाका. एकवीसला साहेबांच्या दालनातून एक चिठ्ठी आली. साहेबांच्या हातची, हिरव्या शाईत, एकच ओळ. 'शेवट जोडलेला नाही. शेवटासह तातडीने सादर करावे.'

दोन वर्षं जो सुचत नव्हता तो मागायला आता प्रकाशक एकीकडे आणि साहेब दुसरीकडे. पण खरं सांगू? मला भीती वाटलीच नाही. साहेब टेबलावर वाट बघतायत, बाईंनी वाचलंय, आणि मी लिहितोय. बढती झालेल्या माणसांना काय वाटत असेल याचा मला पहिल्यांदा अंदाज आला. एक ते दोन, दोन दिवस. ती दीपस्तंभाच्या सगळ्या पायऱ्या चढून वर जाते. तो दिवा पुसत असतो, पाठमोरा. ती त्याला नावाने हाक मारते. नाव मी लिहिलं नाही. तो वळतो, एवढंच लिहिलं, आणि खाली रेघ मारली. आठ पानं. बावीस तारखेला दोन वाजायला तीन मिनिटं असताना मी ती वर पाठवली आणि गडबडीत डबा उघडायचाच राहिला.

तेवीसला संध्याकाळी हेडक्लार्क आनंदाने आले. "सुटलात, मसुदेराव. प्रकरण बंद. साहेबांनी शेरा मारला, मी स्वतः पाहिला. 'वाचले. प्रकरण बंद करावे. वर्ग अ, कायम जतन.' फाइल तळघरात गेली."

तुम्हाला त्यातला 'वाचले' हा शब्द साधा वाटेल. आमच्या कार्यालयात साहेब लोक 'पाहिले' असं लिहितात. बावीस वर्षांत शेकडो फायली माझ्या हाताखालून गेल्या, 'वाचले' मी एकीवरही पाहिलेलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि डोळे पुसले. हेडक्लार्कना वाटलं, गळतीचं प्रकरण एकदाचं संपलं म्हणून.

पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. वर्ग अ म्हणजे काय हे रात्री लक्षात आलं. वर्ग क ची कागदपत्रं वर्षाने नष्ट करतात, ब ची दहा वर्षांनी. अ कायमची, आणि अ मधला कागद तळघराच्या दाराबाहेर जात नाही, कोणासाठीही, साहेबांसाठीसुद्धा. म्हणजे माझी कादंबरी आता अमर झाली होती, फक्त मला मिळणार नव्हती. आणि उद्या चोवीस.

तळघरात रेकॉर्डवाल्या बाई बसतात. तीस वर्षं बसतात. चष्मा दोरीला, पुढ्यात टीपकागद, आणि आवाज असा की धूळसुद्धा परवानगी घेऊन बसते. सकाळी नऊला मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि फाइलचं नाव सांगितलं.

"मूळ मिळणार नाही."

"माहीत आहे. पण बाई, मला उद्यापर्यंत..."

"मूळ मिळणार नाही म्हटलं मी. नक्कल मिळणार नाही असं कुठे म्हटलं? अर्ज करा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सोळा दिवस मी ज्या कागदांपायी झुरत होतो त्यांची नक्कल अर्ज केल्यावर मिळते, हे तक्रारदारांना मी स्वतः शेकडो पत्रांतून कळवलेलं आहे. बाईंनी फाइल काढली. नाडी सोडताना माझ्या लक्षात आलं, ती मी बांधतो तशी बांधलेली नव्हती. शेवटच्या काही पानांचे कोपरे वळलेले होते, आणि टीपकागदाचा एक तुकडा खूण म्हणून आत राहिला होता.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला रुखरुख नको. दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकांपुढे बाड ठेवलं, दोनशे सोळा पानं, प्रत्येक पानावर 'खरी नक्कल' आणि 'कायम जतन' असे गोल शिक्के. त्यांनी ते उजेडाला धरलं. म्हणाले, "आपलं लिखाण कायम टिकणार असं मला बावन्न वर्षं प्रत्येक लेखक सांगतोय. पुरावा घेऊन आलेले तुम्ही पहिले." मग पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि पुतण्याला सांगितलं, तू जरा बाहेर बस. पुस्तक निघालं. मुखपृष्ठावरचा दीपस्तंभ पाण्याच्या टाकीसारखा दिसतो, पण चालायचंच.

मला सांगायचंय ते मात्र चोवीस तारखेचं. सगळ्या पानांच्या झेरॉक्स निघाल्यावर बाईंनी नकलांची मोठी नोंदवही उघडली. फाइल क्रमांक लिहिला, विषय लिहिला, पानं लिहिली. मग पेन थांबवून विचारलं, "लिहिणाऱ्याचं नाव?"

मी सवयीने म्हणालो, "उपअभियंता, करिता."

"ती सही कोणाची ते झालं. मी विचारतेय, लिहिलं कोणी?"

"मसुदेराव लिहा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "हे कायम राहणार आहे. मी नसेन, तुम्ही नसाल, तेव्हाही ही वही असेल. नीट सांगा."

मी सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. तळघरात ते जरा मोठ्याने वाटलं. बाईंनी ते एकेक अक्षर काढून लिहिलं, वरून टीपकागद दाबला, आणि नकलेच्या प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात, भिंग लावलं तर दिसतील अशी, स्वतःची आद्याक्षरं घातली. दोनशे सोळा वेळा. मी उभाच होतो. मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.

"इथे सही."

मी पेन घेतलं आणि बावीस वर्षांच्या सवयीने दोन बारीक अक्षरं घातली.

बाईंनी ती खोडली. "अशी नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण करा. जागा भरपूर आहे."